बग्गीसाठी घेतलेलं माप

सोनियाताईंनी शेतात चालवायच्या मोटार-बग्गीची माहितीपत्रकं शेफालीच्या हातात दिली, तेव्हा हनुमंत तीन हातांवर उभा होता. गोठ्यातून दुधाची किटली घेऊन आला होता. ताई ओसरीवर बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीत शेफाली.

"तू नीट वाच, काय घ्यायचं ते ठरव आणि मला सांग," ताई तिला म्हणाल्या. मग हनुमंताकडे बघून म्हणाल्या, "दादा, दूध आत ठेवा ना. ऊन लागेल."

एवढंच झालं. पण हनुमंत स्वयंपाकघरात गेला आणि किटली ओट्यावर अशी आदळली, की झाकण उडून खाली पडलं.

ताईंची अठरा एकर जमीन वेल्ह्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. ताई मूळच्या भोरच्या. पुण्यात आर्किटेक्ट आहेत, शनिवार-रविवार इकडे असतात. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी ही जमीन घेतली तेव्हा इथं करवंदीच्या जाळ्या आणि दगड याशिवाय काही नव्हतं. हनुमंत हा त्यांचा पहिला माणूस. आंब्याची दोनशे कलमं त्याच्या हातची. उतारावर माती अडवणाऱ्या दगडी ताली त्यानंच रचलेल्या. पुढं ताईंनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, त्यांची जागासुद्धा त्यानंच दाखवली होती. "दादांना विचारा," हे ताईंचं ठरलेलं वाक्य होतं. विहिरीच्या मोटरपासून पाहुण्यांच्या पिठल्यापर्यंत सगळ्याला तेच.

शेफाली ही त्याची सख्खी पुतणी, थोरल्या भावाची, गेनूची मुलगी. भोरला आयटीआय करून नसरापूरला एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षं होती. रोज एसटीनं जाऊन-येऊन ती पोर वैतागली, तेव्हा हनुमंतानंच ताईंपाशी शब्द टाकला होता. "माझी पुतणी हाय. यंत्रांतलं कळतंय तिला. ठिवून तर बघा." त्या वेळी त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. भावाच्या लेकीचं आपण भलं केलं.

आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिनं गवत कापायचं यंत्र चालू केलं. हनुमंतानं ते दोनदा वेल्ह्याच्या बाजारात नेऊन आणलं होतं. तो सगळ्यांसमोर "शाब्बास" म्हणाला आणि घरी येऊन बायकोला, मंगलला म्हणाला, "नशिबानं झालं चालू." मग जनरेटर झाला. मग वरच्या टाकीचा पंप. हळूहळू ताईंचं वाक्य बदललं. "शेफालीला विचारा."

हनुमंताचा मुलगा वरद पुण्यात कुरिअरच्या गोदामात होता. त्याला इथं आणायचं हनुमंताच्या मनात होतं, पण "शेण काढायला मी येनार न्हाई" असं वरदनं एकदाच सांगून विषय संपवला होता. आता गेनू पारावर बसून लेकीच्या गोष्टी सांगायचा. हनुमंत ऐकायचा, मान हलवायचा, आणि घरी येऊन विनाकारण मंगलवर खेकसायचा.

बग्गीची गरज खरी होती. खत, गवत, कलमांना पाणी, ताल दुरुस्तीचे दगड, सगळं डोक्यावरून किंवा घमेल्यातून वर जायचं. ट्रॅक्टर आंब्याच्या ओळींत वळत नव्हता. शिवाय पाहुण्यांना जमिनीच्या वरच्या टोकाला पठारावर जायचं असायचं, तिथून तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात. निम्मे पाहुणे अर्ध्या वाटेतून धापा टाकत परत यायचे. दोघं शेजारी-शेजारी बसतील, मागं माल टाकायला हौदा असेल, चारही चाकं ओढतील अशी गाडी ताईंनी कुठंतरी पाहिली होती. असली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आपल्या जमिनीतच चालवायची.

शेफालीनं आठ दिवस त्यात घातले. वहीत खाने पाडले. एक अरुंद गाडी होती, पन्नास इंच रुंद, हौदा लहान. दुसरी बासष्ट इंच रुंद, हौदा मोठा, वजन भरपूर घेणारी. तिसरी चार माणसांची, लांबलचक. ती तिनं पहिल्याच दिवशी बाद केली.

"आंब्याच्या ओळीत वळायची न्हाई," ती म्हणाली.

हनुमंताच्या मनात तेच आलं होतं. पण ते तिनं आधी सांगितलं.

दोन राहिल्या. कामाला रुंद गाडी बरी. प्रश्न पठाराच्या वाटेचा होता. निम्म्या चढावर ती वाट एका जागी आवळते. डावीकडं उभा कातळ, उजवीकडं ओढ्याची घळ, चाळीस फूट तरी खोल. तिथून बासष्ट इंच पार होतात का, त्यावर निवड ठरणार होती.

"काका," शेफाली टेप घेऊन आली, "त्या कातळापाशी तेवढं माप घेऊन याल का? तुमच्याएवढी ती वाट कुणालाच ठाऊक न्हाई."

ती मनापासून बोलत होती. हनुमंताला मात्र त्यात हुकूम ऐकू आला. चौदा वर्षं ज्या वाटेचं बारीकसारीक त्याला विचारलं जायचं, त्या वाटेवर आता त्याला टेप धरायला पाठवत होते.

तो गेला. मार्गशीर्ष लागला होता, गवत वाळून पिवळं पडलेलं. कातळाला टेपचं टोक लावून त्यानं घळीच्या कडेपर्यंत ओढलं. गवत संपत होतं तिथं पाच फूट आठ इंच भरले. मग त्यानं सवयीनं कडेवर पाय दाबून बघितला. पाय आत गेला. गेल्या पावसाळ्यात तिथली जुनी ताल खालून वाहून गेली होती. वर गवताची गादी तशीच लोंबत राहिली होती, तिच्याखाली पोकळी. टणक जमीन कातळापासून पावणेपाच फूट, म्हणजे सत्तावन्न इंच.

तो बराच वेळ तिथं बसून राहिला. खाली ओसरी दिसत होती. ताई आणि शेफाली वहीत डोकं घालून बसल्या होत्या.

खाली आल्यावर शेफालीनं विचारलं, "किती?"

"पाच फूट आठ."

तिनं लगेच लिहून घेतलं. "मग मोठी बसती की! दोन्ही अंगाला तीन-तीन इंच."

हनुमंत मनाशी म्हणाला, टेप लावली तिथं तेवढंच भरलं. खोटं काय बोललो? गाडी कातळाशी अडकेल, चार माणसांत पोरीची फजिती होईल, ताईंना कळेल की वही म्हणजे वाट नव्हे. त्याच्या डोळ्यांपुढं तेवढंच चित्र होतं. गवताखालच्या पोकळीपाशी त्याचं मन पोचायचं आणि तिथून बाजूला व्हायचं.

पुढच्या रविवारी इंद्रजित नावाचा विक्रेत्याचा माणूस टेम्पोवर दोन्ही गाड्या घेऊन आला. मोठी हिरवी, लहान लाल. आधी अंगणात चालवून झाल्या. मोठ्या गाडीच्या हौद्यात शेणखत भरलं, हौदा उचलून रिकामा केला, ताईंनी टाळ्या वाजवल्या. शेफाली गाडी अशी वळवत होती जणू रोजचीच. हनुमंत गोठ्याच्या खांबाला टेकून बघत होता.

"आता पठार," ताई म्हणाल्या आणि पुढं आल्या.

"ताई, एक मिनिट." शेफाली गाडीतूनच बोलली. "पहिली फेरी काकांची. ती वाट त्यांनी पाडलीय."

"अगदी बरोबर!" ताई मागं सरल्या. "या दादा, बसा."

सगळे त्याच्याकडं बघत होते. हनुमंतानं गोठ्याचा खांब सोडला नाही. "मला नको, गुरं सोडायचीत," असं तो काहीतरी पुटपुटला.

"गुरं पळून जात न्हाईत, या," शेफाली हसली.

त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं होतं. म्हणजे त्याची जागा उजवीकडं, घळीच्या बाजूला. तो बसला. शेफालीनं त्याचा पट्टा स्वतः लावून दिला, ओढून बघितला.

गाडी आंब्याच्या ओळींतून वर निघाली. आपली झाडं हनुमंतानं अशी बसून कधी पाहिली नव्हती. प्रत्येक झाड त्यानं चालत गाठलेलं, खांद्यावर काहीतरी घेऊन. आता ती एकामागून एक मागं जात होती आणि शेफाली बोलत होती. "ह्याच्यात पाण्याची टाकी ठिवली की तुमची वरची चाळीस झाडं एका तासात हुतील, काका. तुमचे गुडघे दुखतात, मला दिसतंय की." हनुमंतानं बाहेर तोंड वळवलं. ही पोर गाडी निवडताना त्याच्या गुडघ्यांचा विचार करत होती, हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला तिचा आणखी राग आला. आणि त्याच क्षणी समोर कातळ दिसला.

"शेफे, थांबव."

"आलाच की कातळ. हळू घेते."

"थांबव म्हनतो ना!"

तिनं ब्रेक दाबला. पुढची चाकं आवळलेल्या जागेपासून दोन-तीन हातांवर थांबली.

"काय झालं?"

"म्होरं जाऊ नको. बसत न्हाई गाडी."

"पाच फूट आठ हाय न्हवं?"

"पावनेपाच हाय." "म्या गवतापर्यंतचं सांगितलं. गवताखाली काय न्हाई."

शेफालीनं त्याच्याकडं बघितलं. "तुमाला कवा कळलं?"

"माप घेतलं तवाच."

तिनं इंजिन बंद केलं. उतरून पुढं गेली आणि कडेच्या गवतावर मोठा दगड टाकला. गवताचा हातभर पट्टा दगडासकट दिसेनासा झाला. मग खालून दगड आपटत गेल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.

ती परत आली ती त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तुमच्या जागी ताई बसनार हुत्या," ती म्हणाली. "तुमी बसला नसता, तर सांगितलं असतं?"

हनुमंतानं "व्हय" म्हणायला तोंड उघडलं. पण ते बाहेर पडेना. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"माझं काय चुकलं हुतं, काका?"

"काय न्हाई."

"मग?"

"तुला खुर्ची दिली ताईंनी." तो खाली बघून म्हणाला. "चौदा वर्सांत मला कुनी बस म्हनलं न्हाई."

इतके दिवस आत डोंगराएवढं वाटणारं ते, तोंडातून निघाल्यावर एवढंसंच होतं. शेफालीनं त्याचा पट्टा सोडवला.

"उतरा. गाडी उलटी न्यायची हाय, वळायला जागा न्हाई. मागं उभं राहून हात दाखवा. ह्या खेपंला खरं दाखवा."

दीडशे फूट उलट उतरायचं होतं. हनुमंत मागं चालत हात दाखवत होता, डावीकडं, सरळ, थांब. शेफाली दर चार हातांवर गाडी थांबवायची, उतरायची, चाकं स्वतः बघायची आणि मगच पुढचे चार हात. प्रत्येक वेळी ती उतरली की हनुमंताला कुणी कानाखाली मारल्यासारखं वाटायचं.

"इतक्यात आलात?" खाली ताईंनी विचारलं.

"वाट अरुंद हाय, ताई," शेफाली म्हणाली. "माप चुकलं. मीच जाऊन बघायला पायजे हुतं. आपल्याला लहान गाडीच बरी. जास्तीचं वजन न्यायला मागं ट्रॉली लावू."

"वेळेवर कळलं हे नशीब," ताई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

हनुमंत सुटला होता. आणि तरी त्याच्या मनात पुन्हा तेच पेटलं. चूक त्याची होती, ती अंगावर घेऊनसुद्धा शाबासकी तिलाच मिळाली. एवढं मोठं मन तिच्यापाशी होतं आणि त्याच्यापाशी नव्हतं, हेही त्याला सहन होईना. शेफालीनं टणक जमीन स्वतः मापली, मग लाल गाडी ताईंना घेऊन कातळाला खेटून पार झाली, पठारावरून ताईंचं हसणं खाली आलं, तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसला.

संध्याकाळी जेवताना त्यानं मंगलला सगळं सांगितलं. मंगलनं भाकरी थापायची थांबवली.

"ताईंना म्हाईत हाय?"

"न्हाई. शेफालीनं सोतावर घेतलं."

"म्हंजे गेनूभावजींच्या लेकीवर ढकलून तुमी हितं जेवायला बसलाय?"

"मंगल..."

"अवो, ती बाई त्या गाडीतनं खाली गेली असती! पोरगी बी गेली असती. आन् तुमी मला सांगताय खुर्ची." तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली नाही.

सकाळी ताई पुण्याला निघायच्या आत हनुमंत त्यांच्या मोटारीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं काही लपवलं नाही. माप, गवत, पाय दाबून बघितला ते, सगळं सांगितलं. ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"दादा, मी लोकांना सांगते, की माझी सगळी जमीन एका माणसाच्या शब्दावर उभी आहे."

त्यांनी मोटारीचं दार उघडलं.

"मला आत्ता तुमच्याशी बोलता येत नाही," ताई म्हणाल्या. "पंधरा दिवस येऊ नका."

ते पंधरा दिवस फार वाईट गेले. नवी लाल बग्गी आली, ती बातमी त्याला किराणा दुकानात कळली, एसटी स्टॅंडवर कळली, आणि शेवटी गेनू पेढे घेऊन घरी आला. गेनूला काहीच ठाऊक नव्हतं. पोरीनं बापालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तुझ्यामुळं लागली ती तिथं," गेनू म्हणाला. "पयला पेढा तुझा."

हनुमंतानं पेढा तोंडात घातला. मंगल चुलीपाशी पाठ करून बसली होती.

सोळाव्या दिवशी तो कामावर गेला. ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं, की वाटेची कड पक्की झाल्याशिवाय एकही पाहुणा वर जाणार नाही, आणि तशी ताल रचणारा माणूस तालुक्यात दुसरा असला तर त्यांना माहीत नाही. "तुमच्यावर माझा राग आहे," त्या म्हणाल्या. "काम तरीही तुमचंच आहे."

पाच आठवडे ते काम चाललं. हनुमंत घळीच्या तळापासून दगडावर दगड चढवत वर येत होता आणि शेफाली बग्गीतून दगड आणत होती, दिवसाला सात-आठ खेपा. बोलणं कामापुरतं.

"हितं टाकू?"

"जरा वर."

ती "काका" म्हणत नव्हती. हनुमंताला ते पहिल्याच दिवशी जाणवलं. त्यानं ते मागितलं नाही.

एकदा खेप टाकून ती परत गेली नाही. तो दगड कसा बसवतो ते बघत राहिली.

"हा आडवा का लावला? उभा चांगला दिसला असता."

"दिसायला चांगला. पावसात पुढं सरकंल. लांब अंग मातीत जाया पायजे."

तिनं एक दगड उचलून लावून बघितला. डुगडुगला. दुसऱ्या बाजूनं लावला, तरी डुगडुगला. चार वेळा झालं. "मला न्हाई जमायचं हे," ती म्हणाली, आणि हनुमंताच्या मनात एक बारीकसा, घाणेरडा आनंद चमकून गेला. तो त्यानं ओळखला. ओळखून त्याला स्वतःची शिसारी आली. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि तिचा तळहात दगडाखाली नेला.

"हितं हाताला खड्डा लागतोय? तितं बारकी चीप सार. आता दाब."

दगड बसला. तिनं त्यावर पाय देऊन बघितला, मग दोन्ही पाय देऊन उभी राहिली. "काका, बसला की," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून नकळत गेला असावा, कारण लगेच ती उतरून गाडीकडं निघाली.

माघ लागता लागता ताल पुरी झाली. पहिले पाहुणे वर जाऊन आले. शनिवारी ओसरीवर ताई आणि शेफाली पुढच्या हंगामाचं बोलत बसल्या, तेव्हा हनुमंताच्या मनात अजूनही कळ आली. पहिल्यासारखी नाही, पण आली. आता ती आली की तो स्वतःशी खोटं बोलत नसे. आली म्हणायचा आणि काहीतरी काम हातात घ्यायचा.

सोमवारी ताई गेल्यावर त्यानं शेफालीला बग्गी पुसताना गाठलं. ताईंपुढं कबुली देण्यापेक्षा हे त्याला जड गेलं.

"मला शिकवशील का, चालवायला?"

शेफाली फडकं पिळत राहिली.

"उद्या सात वाजता या," ती शेवटी म्हणाली. "आंब्याच्या ओळीतच. कातळाकडं न्हाई."

दुसऱ्या दिवशी हनुमंत डावीकडच्या जागेवर बसला. पट्टा त्यानं स्वतः लावला. गाडी एकदम उसळली, शेणखताच्या ढिगाला घासून गेली, शेफाली "ब्रेक, ब्रेक!" ओरडली आणि मग दोघंही हसली, पहिल्यांदाच. पुढच्या ओळीत त्याला जमलं. झाडं हळूहळू मागं जाऊ लागली. तो सरळ समोर बघत होता, पण शेजारी शेफालीनं पकडायची कडी घट्ट धरली होती, तेही त्याला दिसत होतं. दोनशे झाडांची फेरी पूर्ण झाली तरी तिनं कडीवरचा हात काढला नाही. हनुमंताला त्याचा राग आला नाही. त्यानं गाडी आणखी हळू केली.